केंब्रिजची तुती आणि आमचे अण्णा: क्राइस्ट्स कॉलेजच्या बागेचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू अर्धा बागेचा आहे आणि अर्धा आमच्या अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील. जालन्याजवळ गावाकडे दोन एकर तुती आहे, एक शेड आहे, तुतीचा पाला खाणाऱ्या रेशमाच्या अळ्यांच्या वर्षाला चार-पाच बॅच काढतात. कपाशीला वैतागून तुती लावली आणि २०१८ ला जालन्यातच कोष बाजार सुरू झाल्यावर तर त्यांचा जीव भांड्यात पडला, कारण त्याआधी कोषाची पोती गाडीत टाकून थेट कर्नाटकात रामनगरला न्यायची म्हणजे एक दिवस जायचा, एक यायचा, आणि भाव काय लागेल ते देव जाणे. सांगायचा मुद्दा हा की तुती या विषयात माझ्या बापाला कोणी शिकवू शकत नाही, आणि हे मला केंब्रिजमध्ये भर बागेत कळलं.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. ऑगस्टमध्ये आई-अण्णा आले होते. लंडन झालं, बकिंगहॅम पॅलेसचं गेट झालं, अण्णा म्हणाले "एवढं झाडायला किती माणसं लागत असतील" आणि विषय संपला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. म्युझियममध्ये पाय दुखले, टेम्स बघून "पाणी गढूळ हाय" म्हणाले. मग मी ठरवलं की यांना झाडाचं काहीतरी दाखवू. लेस्टरहून केंब्रिजला थेट गाडी आहे, दोन तासांच्या आसपास लागतात, खिडकीतून शेतं दिसतात, अण्णांना तोच भाग सगळ्यात आवडला. नुकतीच गव्हाची कापणी झालेली, कडब्यासारख्या गोल गाठी रानात पडलेल्या, तर पूर्ण वेळ "हे एकरी किती काढत असतील" चालू.

आता आधी एक तक्रार. मी हुशारी करून ऑनलाइन एक वॉकिंग टूर बुक केली होती. नाव सांगत नाही, पण तिघांचे मिळून ज्या पैशात लेस्टरला आठवड्याचा भाजीपाला येतो तेवढे गेले. गाइड पोरगा चांगला होता पण पळत होता, आईला चालवेना, प्रत्येक गेटसमोर दोन मिनिटं, एक जोक, पुढे चला. क्राइस्ट्स कॉलेजच्या गेटबाहेर तो म्हणाला की आत एक तुतीचं झाड आहे, ते मिल्टन कवीने स्वतःच्या हाताने लावलं. आणि आत न नेता पुढच्या कॉलेजकडे निघाला. मी अण्णांना मराठीत सांगितलं तर ते रस्त्यातच थांबले. "तुती? हितं? दाखव." झालं, आमची टूर तिथेच संपली, उरलेले पैसे बुडाले, आणि खरं सांगू का, दिवसातला सगळ्यात चांगला निर्णय तोच होता.

तर कॉलेज. सेंट अँड्र्यूज स्ट्रीटवर आहे, बाजाराच्या गर्दीतच, समोर दुकानं, बस, सायकली. गेट बघायला दोन मिनिटं द्या, नुसतं आत घुसू नका. वर जे दोन बोकडासारखे प्राणी आहेत ते 'येल', म्हणजे काल्पनिक जनावर, ज्याची शिंगं म्हणे पाहिजे तिकडे वळतात. हे चिन्ह लेडी मार्गारेट बोफर्टचं, सातव्या हेन्री राजाची आई. इथे आधी गॉड्स हाउस नावाची जुनी संस्था होती, ती १४४८ मध्ये या जागेवर आली कारण तिच्या मूळ जागेवर राजाला स्वतःचं किंग्ज कॉलेज बांधायचं होतं, म्हणजे भूसंपादन तेव्हाही होतंच. मग १५०५ मध्ये या बाईंनी तिला पैसा, जमीन आणि नवीन नाव दिलं. गेटचा दरवाजा नीट बघितला तर प्रमाणात थोडा बुटका वाटतो, कारण शेकडो वर्षांत बाहेरचा रस्ता भर पडून पडून वर आला आणि दरवाजा खालून कापावा लागला. आमच्या गावच्या वेशीचंही हेच झालंय, फक्त तिथे दरवाजा कापायला दरवाजाच उरला नाही.

आत गेलं की पहिलं अंगण. मी मुद्दाम अंगणच म्हणतो, कारण आकाराने ते आपल्या वाड्याच्या चौकासारखंच आहे, चारी बाजूंनी इमारत आणि मध्ये मोकळी जागा. फक्त आपल्याकडे मध्ये तुळस असते, इथे गोल हिरवळ. केंब्रिजमध्ये इतर ठिकाणी चौकोनी हिरवळी बघून डोळे सरावतात, त्यामुळे हा गोल एकदम लक्षात राहतो. त्यावर पाय ठेवायचा नाही. केंब्रिजच्या कॉलेजांत तो मान फेलो लोकांचा, म्हणजे कॉलेजच्या प्राध्यापक मंडळींचा. आई म्हणाली, "सारवलेल्या अंगणासारखं हाय, पाय ठेवूच वाटंना." समोरच्या जुन्या मास्टर्स लॉजच्या, म्हणजे कॉलेजप्रमुखाच्या घराच्या भिंतीवर विस्टेरियाचा वेल चढलाय. याची जांभळी फुलं मे महिन्यात येतात, आम्ही गेलो ऑगस्टमध्ये, म्हणजे नुसता पाला. ज्यांना फोटो पाहिजेत त्यांनी मेमध्ये जा, पण थांबा, तेव्हाच यांच्या परीक्षा असतात आणि परीक्षेच्या दिवसांत कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात. फुलं आणि प्रवेश, दोन्ही एकदम मिळवायला नशीब लागतं.

दुसऱ्या अंगणात १६४० च्या दशकातली फेलोज बिल्डिंग आहे. दगडी, देखणी, पण आम्ही तिच्याकडे बघितलंच नाही, कारण तिच्या मधल्या कमानीतून पलीकडे हिरवं दिसत होतं आणि अण्णांनी चाल वाढवली होती.

कमानीतून बाहेर आलं की बाग. आणि गंमत म्हणजे रस्त्याचा आवाज बंद. बाहेर बस चाललीय यावर विश्वास बसत नाही. मोठ्या बागांच्या मानाने लहान जागा आहे, मोठी हिरवळ, कडेने जुनी झाडं, फुलझाडांचे लांब पट्टे, असले पट्टे की थंडीत सगळं जमिनीत गडप होतं आणि पुढच्या वर्षी तिथूनच उगवतं. पाटीवर नाव असलेल्या शंभर जाती बघायच्या असतील तर केंब्रिजची वेगळी मोठी बोटॅनिक गार्डन आहे, तिकडे जा. इथे बघायचं ते एक झाड.

ते झाड पहिल्यांदा झाड वाटत नाही. मातीचा एक उंचवटा, त्यावर गवत, आणि त्यातून तिरक्या फांद्या बाहेर आलेल्या, काही फांद्यांना खालून लाकडाचे टेकू. खोड म्हणावं असं काही दिसत नाही, कारण म्हाताऱ्या खोडाला आधार म्हणून माती चढवत गेले. अण्णा उंचवट्याभोवती एक पूर्ण चक्कर मारून आले. मग एक पान हातात धरलं, तोडलं नाही, नुसतं अंगठ्याने चोळलं, आणि म्हणाले, "ही काळी तुती हाय. खरबड हाय पान. ह्याला पाल्यासाठी कोन लावतं?"

आता बघा, हा प्रश्न ४०० वर्षं जुना आहे आणि त्यांनी एका मिनिटात विचारला.

गोष्ट अशी आहे. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाला रेशमाचं वेड लागलं. तिकडे फ्रान्समध्ये चौथ्या हेन्रीने तुती लावून रेशीम धंदा जोरात आणला होता आणि इंग्लंडचा पैसा परदेशी रेशमावर जात होता, तर याला वाटलं आपणही करू. १६०७ ते १६०९ च्या दरम्यान त्याने फर्मान काढलं, प्रत्येक काउंटीला, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याला, १०,००० तुतीची रोपं पाठवतो, जमीनदारांनी ती विकत घ्यायची, लावायची, भाव शंभराला ६ शिलिंग. वाचताना हसू येतं कारण ही ओळ न् ओळ आपल्याकडच्या योजनेची आहे, टार्गेट आहे, रोपांचा ठरलेला दर आहे, वरून आलेलं पत्र आहे. तर क्राइस्ट्स कॉलेजनेही आज्ञा पाळली आणि ३०० रोपं घेतली, त्याचे १८ शिलिंग हिशोबात लागले आहेत. शंभराला ६ प्रमाणे बरोब्बर १८, एक पैशाची सूट नाही. तेव्हा २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे सगळी ३०० रोपं एका पौंडाच्या आत. त्या ३०० पैकी उरलेलं म्हणून हे एक झाड दाखवतात.

आणि राजाने स्वतःही लंडनमध्ये चार एकरांची तुतीची बाग लावली. कुठे? आज बकिंगहॅम पॅलेस आहे तिथेच, शेजारी. म्हणजे आदल्या आठवड्यात अण्णा ज्या गेटबाहेर उभे राहून झाडणाऱ्यांची संख्या मोजत होते, त्या आवारात ४०० वर्षांपूर्वी सरकारी तुती होती! हे त्यांना सांगितल्यावर म्हणाले, "मंग तवाच सांगायचं ना." त्या बागेतून रेशीम काही फार निघालं नाही, पुढे त्याच शतकात ती लंडनकरांची हिंडण्या-फिरण्याची, खाण्या-पिण्याची जागा झाली. आज पॅलेसच्या बागेत तुतीच्या वेगवेगळ्या जातींचा राष्ट्रीय संग्रह आहे, म्हणजे राणीच्या काळात का होईना तुती परत आली, पण रेशमासाठी नव्हे, हौस म्हणून.

योजना का फसली याचं नेहमीचं उत्तर म्हणजे चुकीची तुती आणली. रेशमाची अळी पांढऱ्या तुतीवर वाढते, यांनी काळी लावली. मी ते तसंच अण्णांना सांगितलं आणि त्यांनी मान हलवली. "खाती की अळी काळीबी. खात न्हाई आसं न्हाई." आणि ते बरोबर आहेत, मी नंतर वाचलं, इटलीकडे पांढरी तुती पसरायच्या आधी शेकडो वर्षं काळ्या तुतीवरच रेशीम काढायचे, जाडंभरडं निघायचं पण निघायचं. म्हणजे राजाचे सल्लागार अगदीच येडे नव्हते. पांढरी जास्त चांगली, पाला मऊ, वाढ भराभर, छाटली की परत फुटते. आमच्याकडे व्ही-वन जात आहे, छाटणीनंतर दोन महिन्यांत पुन्हा फांदी तोडायला तयार. ही काळी हळूबाई. तिचं एक आश्चर्य सांगतो, माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६, पांढऱ्या तुतीत साधारण २८, आणि काळ्या तुतीत ३०८! फुलणाऱ्या झाडांमध्ये एवढी फार थोड्यांत असतात. एवढा पसारा घेऊन बाई हळूच चालणार ना.

मग अण्णांनी हिशोब मांडला. उंचवट्याजवळ उभं राहून, बोटांवर. "तीनशे झाडं म्हंजे कितीशी रे? आपल्या एकरात साडेपाच हजार बसत्यात." हे खरं आहे, पाच-तीन-दोन फुटांची पट्टा पद्धत (ओळींत आलटून पालटून पाच आणि तीन फूट, झाडांत दोन) केली की एकरी ५,४४५ झाडं बसतात, हा आकडा आमच्या घरात पाढ्यासारखा पाठ आहे. ती झुडपं आणि ही मोठी झाडं, तुलना सरळ होत नाही, पण तरी. शंभर अंडीपुंजांची बॅच घ्यायची म्हणजे चाळीस-पन्नास हजार अळ्या, त्यांना टनभर तरी पाला लागतो, आणि त्यातला बहुतेक शेवटच्या सात-आठ दिवसांत, चौथा मोल्ट, म्हणजे अळीचं चौथ्यांदा कात टाकणं, पास झाल्यावर. त्या आठवड्यात आमच्या घरात कोणी आजारी पडायचं नाही असा नियम आहे. रात्री दोनला शेडमध्ये गेलात तर अळ्या पाला खाण्याचा जो आवाज येतो त्यात माणसाला झोप लागत नाही, अण्णांना मात्र तो आवाज असला की लागते. आता हे सगळं १६०९ सालच्या कॉलेजात कोण करणार होतं? फेलो लोक? प्रार्थना सोडून पाला तोडायला जाणार? राजाने रोपं पाठवली, पण शेड कोणाचं, चॉकी, म्हणजे लहान अळ्या, कोण वाढवणार, कोष कोण घेणार, याचं पुढे काय. "पयले बाजार बघायचा, मंग झाड लावायचं," अण्णा म्हणाले. जालन्याचा बाजार व्हायच्या आधी तुती लावलेला माणूस हे म्हणतोय, पण ते मी बोललो नाही.

तिथे एक माळीदादा काम करत होते, वयस्कर, दाताळं घेऊन. अण्णांनी मला ढकललं, "इचार त्याला, पाला कवा फुटतो." मी विचारलं. ते म्हणाले मे महिना, कधी मेच्या शेवटापर्यंत वाट बघावी लागते, सगळ्या झाडांच्या मागून. आणि पानगळ? पहिली कडक थंडी पडली की एकदम, एका रात्रीत. मी हे मराठीत सांगेपर्यंत अण्णांच्या चेहऱ्यावर उत्तर आलेलं होतं. मे ते ऑक्टोबर, एवढाच पाला. त्यातही अळीला २४ ते २८ डिग्री पाहिजे आणि शेडमध्ये दमट हवा पाहिजे, इथे ऑगस्टमध्ये आईने स्वेटर घातलेलं. अंडी मार्च-एप्रिलमधल्या एखाद्या उबदार आठवड्यात फुटली तर खायला काय देणार? आमच्या पाच बॅचच्या जागी इथे एक, ती पण देवाच्या भरवशावर. जात चुकली हे सांगायला सोपं म्हणून सगळे तेच सांगतात, पण खरी अडचण कॅलेंडरची होती असं अण्णांचं मत आहे आणि मी त्यांच्या बाजूने आहे.

माळीदादांनी अण्णांना विचारलं तुम्ही काय करता. मी म्हटलं, रेशीम शेतकरी. त्यांनी दाताळं बाजूला ठेवलं आणि हात मिळवला. नंतर पंधरा मिनिटं दोघं माझ्यामार्फत बोलले, आणि काही वेळाने माझी गरजच नव्हती, अण्णा हाताने छाटणी दाखवत होते आणि ते मान डोलवत होते. छाटणीबद्दल दोघांचं अजिबात पटलं नाही. अण्णांचं म्हणणं, बुडापासून छाटा, जोरात फुटेल. ते म्हणत होते, या वयाच्या झाडाला हात लावायचाच नाही, फार कापलं तर चीक वाहत राहतो, वाळलेलं तेवढं काढा, तेही झाड झोपलेलं असताना थंडीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर. एकाला पाला पाहिजे, एकाला झाड पाहिजे.

मिल्टनचं काय? तर गाइडचा घोळ इथे सुटतो. मिल्टन जन्मला डिसेंबर १६०८ मध्ये, लंडनला. म्हणजे ही रोपं लागली तेव्हा साहेब पाळण्यात. तो या कॉलेजात आला १६२५ मध्ये, गेला १६३२ मध्ये, झाड तेव्हा सोळा-सतरा वर्षांचं असणार, त्याच्याच वयाचं. सावलीत बसला असेल, फळं खाल्ली असतील, पण लावलं मात्र नाही. नाव त्याचं पडलं आणि १८ शिलिंग भरणारा हिशोबनीस विसरला गेला. मध्ये ट्यूटरशी भांडण होऊन त्याला काही दिवस घरीही पाठवलं होतं, हे कळल्यावर आईला तो एकदम आवडला. तिच्या ओळखीचं प्रकरण निघालं म्हणून असेल, मी काय बोलणार.

बागेच्या एका कोपऱ्यात पोहण्याचा जुना हौद आहे, झाडीत लपलेला, शेजारी छोटं समर हाउस आणि कडेला अर्धपुतळे. एक मिल्टनचा. एक निकोलस सॉन्डरसनचा, हे माणूस म्हणजे कमाल, लहानपणी देवीच्या रोगात डोळे गेले, तरी गणित शिकून १७११ मध्ये न्यूटनच्या खुर्चीवर, म्हणजे ल्युकेशियन प्रोफेसरच्या जागेवर बसला, आणि आंधळा माणूस पोरांना प्रकाशशास्त्र शिकवायचा. मिल्टनही उतारवयात आंधळा झाला. एका हौदाकाठी दोघं. मी त्या पुतळ्यांसमोर बराच वेळ उभा होतो, अण्णा पाण्यासमोर.

कारण पाणी. हौदात पाणी येतं कुठून, हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर ऐकून त्यांना केंब्रिज आवडायला लागलं. १६१० च्या सुमारास इथल्या लोकांनी गावाबाहेरच्या नाइन वेल्स नावाच्या झऱ्यांपासून शहरापर्यंत पाट काढला, हॉब्सन्स कंड्युट. अजूनही ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर रस्त्याच्या दोन्ही कडांना त्याची उघडी चारी दिसते, मुलं त्यात पाय घालून पडतात. त्याच पाटाचं पाणी या हौदाला. आणि हा हॉब्सन म्हणजे भाड्याने घोडे देणारा, दाराजवळचा घोडा घ्यायचा नाहीतर चालत जायचं असा त्याचा नियम, त्यावरून इंग्रजीत 'हॉब्सन्स चॉइस' पडलं. आपल्याकडची वडापवाली जीप, भरली ती घ्या, तोच प्रकार. तर तुती १६०९ च्या आसपास, पाट १६१० ते १६१४, दोन्ही योजना एकाच काळातल्या, एकाच गावातल्या. पाट चारशे वर्षं चालू आहे. अण्णा म्हणाले, "पानी लोकाला पायजेच व्हतं, रेशीम राजाला." यावर मी चहाचा थर्मास उघडला.

अजून एक गोष्ट, हा इंग्लंडचा सगळ्यात कोरड्या भागांपैकी एक भाग आहे. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आमच्या जालन्यापेक्षाही कमी! फक्त इथे तो बाराही महिने वाटून वाटून पडतो आणि आमच्याकडे चार महिन्यांत दोनदा येऊन सगळं नेतो. म्हणून हिरवळ हिरवी. तरी त्या ऑगस्टमध्ये कडेला गवत पिवळं पडलेलं होतं आणि माळीदादांची तक्रार पावसाचीच होती. हे भाषांतर करायला लागलं नाही.

डार्विनबद्दल थोडक्यात. तोही याच कॉलेजचा, १८२८ ते १८३१, अभ्यासापेक्षा भुंगे गोळा करण्यात जास्त. २००९ मध्ये त्याच्या २०० व्या जन्मदिनी, १२ फेब्रुवारीला, कॉलेजात त्याचा ब्राँझचा पुतळा बसवला, दाढीवाला म्हातारा नव्हे, बाविशीतला पोरगा, बाकाच्या हातावर बसलेला. बनवणारा अँथनी स्मिथही इथेच झूलॉजी शिकलेला. शेजारी बसून फोटो काढता येतो, आम्ही काढला, आईने त्याला "कोणाचा पोरगा बसलाय" समजून आधी जागा मागितली. मागे लास्डन नावाच्या आर्किटेक्टने १९६० च्या दशकाच्या शेवटी बांधलेली पायऱ्या-पायऱ्यांची सिमेंटची बिल्डिंग आहे, तिला टाइपरायटर म्हणतात. मला आवडली, पण घरात मी अल्पमतात. आणि हो, झाडांना संवेदना असते हे यंत्र लावून दाखवणारे जगदीशचंद्र बोसही याच कॉलेजात शिकले, १८८४ मध्ये डिग्री घेतली. म्हणजे एका छोट्या बागेभोवती तुती, भुंगे, आणि झाडांचं दुखणं-खुपणं मोजणारा माणूस. अजून काय पाहिजे?

शेवटी फळं. काळी तुती इथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पिकते, आणि ४०० वर्षांची म्हातारी अजून फळते, खाली गवतावर सडा होता. झाडाला हात लावायचा नाही हे आम्हाला कळत होतं, पण माळीदादाच म्हणाले, पडलेली घ्या, नाहीतरी पक्षी खातात. महाबळेश्वरला द्रोणात तुती मिळते ती विसरा. ती छान असते पण ही वेगळीच, आंबट आणि गोड एकदम, रस इतका की बोटातच फुटते. आईची जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी झाली. तिने चार-पाच खाल्ली, अण्णांनी एक. "पाल्यासाठी न्हाई, फळासाठी लावा," असा निकाल दिला. आमच्या शेतात फळ लागलं तर अण्णा वैतागतात, कारण तिथे ताकद पाल्यात जायला पाहिजे. इथे चौथी मागून घेतली. हो, नंतर अजून तीन खाल्ली, मी एक लिहिलं ते पहिल्या मिनिटाचं.

कामाचं: आम्ही गेलो तेव्हा तिकीट नव्हतं, फेलोज गार्डन आठवड्याच्या दिवशी ठराविक तासच उघडी असते, शनिवार-रविवारच्या भरवशावर जाऊ नका, आणि निघायच्या आधी कॉलेजच्या वेबसाइटवर त्या दिवसाची वेळ बघा. स्टेशनपासून चालत वीस-पंचवीस मिनिटं, म्हातारी माणसं असतील तर बस. आत डबा उघडू नका, पाच मिनिटांवर पार्कर्स पीसचं मोकळं मैदान आहे, आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिथे बसून खाल्ली. पांढरे कपडे घालून तुतीखाली जाऊ नका. वॉकिंग टूर घ्यायचीच असेल तर आधी विचारा की आत नेता की गेटवरूनच सांगता. बागेला पाचपैकी साडेचार, अर्धा स्टार विस्टेरियाचा, तोही चुकीच्या महिन्यात गेलो म्हणून माझाच कापलाय. टूरला एक, तो गाइडच्या चपळाईला.

परतीच्या गाडीत अण्णांनी गावाकडे फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले, काका शेडमध्ये. तिसरा मोल्ट पास झाला का, शेजारच्याने कपाशीवर फवारणी तर नाही ना केली, वारं कुठलं आहे, पाला ओला देऊ नको, हे सगळं झालं. मग म्हणाले, "आरं, हितल्या राजानं बी लावली व्हती तुती." तिकडून काकांनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. अण्णा म्हणाले, "न्हाई, एकबी बॅच न्हाई निघाली," आणि खिडकीबाहेर गव्हाच्या रानाकडे बघत राहिले. आई रुमालावरचा जांभळा डाग थुंकी लावून घासत होती, तो अजून गेला नाही.